ओट्याखाली एमडीएफ की प्लाय, आणि कापायचं कशाने

ताई, गुहागरला चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरात ओट्याखालची कपाटं करायचीत, एमडीएफ (लाकडाचा भुसा गोंदात दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतंय आणि भाऊ मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून घरीच कापणार, असं लिहिलंयत. दोन्हीला माझं नको.

एमडीएफला सफाई मस्त येते, पण कड एकदा पाणी प्यायली की फुगते आणि फुगलेली परत बसत नाही. हॉलमधे कोरड्या भिंतीवर शेल्फ करा त्याची, खुशाल. ओट्याखाली मात्र आयएस 710 चा प्लाय, म्हणजे भारतीय मानकातला पाण्यात टिकणारा मरीन प्लाय. दुकानदार 'वॉटरप्रूफच आहे हो' म्हणत आयएस 303 मधला एमआर ग्रेड गळ्यात मारतात, तो दमट हवा सोसतो, सिंकची गळती नाही. 710 चा तुकडा 72 तास उकळून थर सुटतात का बघतात, फरक तिथेच कळतो. शीटवरचा सीएम/एल नंबर (आयएसआय मार्कचा परवाना क्रमांक) दुकानात उभं राहूनच बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून बघा. आणि कपाटाची पाठ चिऱ्याला चिकटवू नका, पावसात तो चिरा ओल धरून बसतो, इंचभर फट ठेवा, खाली पीव्हीसीचे पाय द्या.

आता कापणं. मार्बल कटर दगडाचं मशीन, मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे फिरतं, त्यात दातेरी ब्लेड अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं, आपले सुतार सर्रास वापरतात म्हणून ते सेफ होत नाही. गार्डवालं सर्क्युलर सॉ भाड्याने आणा, 7 इंची ब्लेड असेल तर 60 दात्यांचं टीसीटी (दात्यांना कार्बाइडची टोकं असलेलं). शीट जमिनीवर जाड थर्माकोल टाकून त्यावर पूर्ण टेकवायची, स्टुलांवर अधांतरी ठेवली की शेवटाला काप मिटतो, ब्लेड चिमटतं, उसळायचं मुख्य कारण हेच. ब्लेड जाडीपेक्षा फक्त 5-6 मिमी खाली. दाते खालून वर कापतात म्हणून चांगली बाजू खाली ठेवा, कापायच्या रेषेवर मास्किंग टेप मारा, सरळ पट्टी दोन्ही टोकांना क्लॅम्प करा. लुंगी, लोंबती बाही, हातमोजे काही नको. चष्मा आणि एन 95 हवाच, भुसा बारीक असतो आणि त्यात फॉर्मल्डिहाइडवाला गोंदही असतो, म्हणून पडवीत कापा.

कापलेली प्रत्येक कड, सिंकच्या पाइपचं भोक पण, त्याच दिवशी सीलर मारून बंद करा, हे लोक हमखास विसरतात. बिजागऱ्या 304 स्टीलच्या घ्या, साध्या खाऱ्या हवेत गंजतात.

सिंकचा पाइप भिंतीतून जातो की जमिनीतून, फोटो टाका, मग खालचा कप्पा कसा करायचा सांगतो.