घरच्या शेडमध्ये लाकूड आणि धातू दोन्हीसाठी सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर कापणारं मशीन) बांधायची आहे, आखणी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत तुमचं फर्निचरचं काम आहे, दाराच्या पॅनेलवर नक्षी कोरायची आहे, त्याच मशीनवर ॲल्युमिनियमच्या आणि जमलं तर लोखंडाच्या प्लेटा कापायच्या आहेत, आणि बेड ४ बाय ८ फुटांचा हवा. मी सांगलीचाच. कुपवाड एमआयडीसीत फिटर आहे आणि घरी अशी दोन मशीनं बांधली आहेत. पहिलं मोडून भंगारात घातलं, दुसरं आजही चालतंय.

आधी यातून लोखंड काढून टाका. लाकडासाठी आपण जो स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) घेतो तो मिनिटाला २४,००० फेऱ्यांचा असतो आणि त्याची पूर्ण ताकद त्या फेऱ्यांनाच मिळते. ६ मिलिमीटरच्या कार्बाइड एंडमिलने (कटरने) माइल्ड स्टील कापायचं तर फेरे ५,००० च्या आसपास हवेत. व्हीएफडीवर (स्पिंडलचे फेरे कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) तेवढे खाली आणले की २.२ किलोवॉटच्या स्पिंडलमध्ये अर्धा किलोवॉटसुद्धा उरत नाही, आणि लोखंडाचा जोर मात्र सगळ्या सांगाड्यावर येतो. लोखंडी प्लेटा लेझर कटिंगवाल्याकडे द्या, त्यातच फायदा आहे. ॲल्युमिनियम मात्र घरच्या मशीनवर खरंच छान निघतं, पण सांगाडा भक्कम असेल तरच.

दुसरं म्हणजे ४ बाय ८ चा हट्ट सोडा. सेक्शन (आडवा छेद) तोच, भार तोच ठेवून गँट्रीची, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या आडव्या पुलाची, रुंदी दुप्पट केली तर ती आठपट वाकते. नक्षीची पॅनेलं तशीही सुटी कोरून दारात बसवता येतात. २ बाय ३ फुटांचं काम धरा आणि लांबीकडची दोन्ही टोकं उघडी ठेवा. मग सात फुटांची फळीसुद्धा पुढे सरकवत तीन सेटिंगमध्ये निघते.

आता सांगाडा. तुमचे निम्मे पैसे आणि निम्म्याहून जास्त दिवस इथेच जायला हवेत. माझ्या पहिल्या मशीनला १६ मिलिमीटरचे, ९०० लांबीचे गोल बार होते, फक्त दोन टोकांना धरलेले, आणि बाजूच्या प्लेटा एमडीएफच्या. एक दिवस स्पिंडलजवळ डायल गेज (बारीक सरक मोजणारं काट्याचं साधन) लावली, सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा स्पिंडलला अडकवला आणि ५ किलोचा ताण दिला. डायलचा काटा अर्धा मिलिमीटर सरकला. ॲल्युमिनियममध्ये कटरच्या दाताला एका फेऱ्यात ०.०२ ते ०.०३ मिलिमीटरच माल काढायचा असतो. मग तिथे कटर कापतो कुठे, नुसता घासतो, तापतो आणि माल दातांना चिकटवून घेतो. त्यात पावसाळ्यात एमडीएफ फुगलं आणि गुण्यातली गँट्री गुण्यातून गेली.

दुसऱ्या वेळी १०० बाय १०० चा, ५ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला. मीटरला जवळपास १५ किलो भरतो. त्याच काट्याने, त्याच ५ किलोला डायल ०.०५ वर थांबली, आणि तेवढंही येतं ते झेडच्या (स्पिंडल वर-खाली नेणाऱ्या भागाच्या) प्लेटेतून आणि रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकमधून. पाइप जवळजवळ वाकतच नाही. म्हणून झेड जितका आखूड ठेवता येईल तितका ठेवा. स्पिंडल खाली जितका लोंबेल तितका थरथरेल. वेल्डिंगने पाइप ओढला जातोच, तेव्हा आधी वेल्ड करा आणि रेल बसणारे पृष्ठ नंतर जॉबवर्कवाल्याकडून एकाच सेटिंगमध्ये मिल करून घ्या. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत अशी कामं करणारे आहेत. तिथे हात आखडता घेऊ नका. रेल २० मिलिमीटरची चौकोनी लिनिअर गाइड घ्या, खाली आधार असलेले गोल बारही धातूसाठी नकोत.

बाकीचं त्यामानाने सोपं आहे. १६ मिलिमीटर व्यासाचा, ५ पिचचा (एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकवणारा) बॉलस्क्रू, नेमा २३ मापाचा स्टेपर (पावलापावलाने फिरणारी मोटर), ४८ व्होल्टपर्यंतची सप्लाय. स्टेपर फेऱ्याला २०० पावलांचा, ड्रायव्हर पावलाच्या एकअष्टमांशवर ठेवला तर मिलिमीटरला ३२० पल्स होतात. अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावरचं जीआरबीएल हे कंट्रोल सॉफ्टवेअर सेकंदाला साधारण ३०,००० पल्स देतं, म्हणजे मिनिटाला ५,००० मिलिमीटरपर्यंत जाता येतं. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं. होमिंग स्विच (मशीनला तिची ठरलेली सुरुवातीची जागा दाखवणारे) मात्र पहिल्या दिवसापासून लावा. आपल्याकडे कामाच्या मध्येच लाइट जाते आणि स्टेपरला आपण कुठे होतो ते आठवत नाही. होमिंग असेल तर जॉब हलू न देता तोच झिरो परत मिळतो, लाकूड वाया जात नाही.

अर्थिंग चांगलं करा, व्हीएफडीपासून स्पिंडलपर्यंत शील्डेड केबल घ्या, आणि इमर्जन्सी स्टॉप हाताच्या अंतरावर ठेवा. ॲल्युमिनियम लावण्याआधी भुसा पूर्ण काढा. कोरड्या भुशात तापलेला कीस पडायला नको. सागाची धूळ छातीत जाते, मास्क लावाच.

शेड नदीच्या बाजूला असेल तर आणखी एक गोष्ट. २०१९ च्या महापुरात दुकानातली अवजड मशीनं लोकांना वर नेता आली नाहीत. म्हणून माझी गँट्री आठ बोल्ट आणि चार डॉवेल पिनांवर (जागा पक्की धरणाऱ्या गुळगुळीत पिनांवर) आहे. दोघांनी मिळून उतरवायची, वरच्या मजल्यावर न्यायची. परत बसवताना डॉवेलमुळे ती जागेवर येते. कंट्रोल बॉक्सच्या सगळ्या वायरी प्लग-सॉकेटवर घ्या, म्हणजे तो पाच मिनिटांत सुटतो.

मशीन उभं राहिलं की लगेच नक्षी कोरायला बसू नका. गवंडी पाया आखताना ३-४-५ ने काटकोन धरतात, तेच करा. प्लायवर मशीननेच तीन बारीक भोकं पाडा : एक शून्यावर, एक एक्समध्ये (रुंदीत) ३०० मिलिमीटरवर, एक वायमध्ये (लांबीत) ४०० वर. शेवटच्या दोन भोकांमधलं अंतर ५०० भरलं पाहिजे. भरलं नाही तर गँट्रीचे बोल्ट सैल करा, एक बाजू किंचित पुढे-मागे घ्या, पुन्हा भोकं पाडा. मला यात पूर्ण रविवार गेला होता. डॉवेलची भोकं मात्र ५०० जुळल्यावरच पाडा, आधी नाही.