पॅलिओत कार्ब कोणते खायचे? उपवासाची यादी इथं कामाची नाही भाऊ

दादा, तुमचं सगळं लिहिलेलं नीट वाचलं. पॅलिओ म्हणजे आदिमानवासारखं खायचं, म्हणून तुम्ही भाकर, पोळी, भात, वरण एकदम बंद केलं, अंडी-मटण-पालेभाजीवर आहात, अन् आता वावरात डवरणी (उभ्या पिकात डवरा चालवणं) करताना डोळ्यापुढं अंधारी येते, दुपारनंतर डोकं धरते. तुमचं विचारणं असं की साबुदाणा, भगर, बटाटा, केळी हे उपवासाला चालते तं पॅलिओत चालन का, आणि बाबांना शुगर आहे ते पण तुमच्याच ताटातलं जेवून रायले.

पहिले अंधारीचं. कार्ब, म्हणजे धान्य-कंद-फळांतला स्टार्च अन् साखर, अचानक तोडले की इन्सुलिन खाली येते आणि किडनी मीठ-पाणी जास्त बाहेर टाकते, वरून वावरातला घाम, मग चक्कर येणारच. लिंबू-मीठ-पाणी प्या, साखर न टाकता. बीपीची गोळी सुरू असेल तर मीठ वाढवायच्या आधी डॉक्टरला विचारा, आणि पाणी-मीठ घेऊनही अंधारी गेली नाही तर दाखवून या, अंगावर काढू नका. सुरुवातीला जे दोन-तीन किलो भराभर उतरतात ना ते बहुतेक पाणीच असते, त्यावर खूश होऊन जेवण अजून कमी करू नका.

खरं म्हणजे पॅलिओत कार्ब बंद नाहीतच. धान्य, डाळी, दूध, साखर बंद आहे, कंद-फळं बंद नाहीत. टांझानियातले हाड्झा लोक आजही कंद खणून खातात, मध काढतात. दक्षिण आफ्रिकेत बॉर्डर केव्ह नावाच्या गुहेत भाजलेले कंद सापडले, सुमारे 1 लाख 70 हजार वर्षांपूर्वीचे, 2020 मध्ये ते जाहीर झालं. म्हणजे आदिमानव नुसतं मांस खायचा हे डोक्यातून काढा, आणि दिवसभर डवरा धरणाऱ्या माणसानं तं कंद सोडूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

आता उपवासाची यादी. भगर धान्यच आहे, बाद. शेंगदाणा डाळीच्याच कुळातला, म्हणून दाण्याचा कूट पण गेला. राजगिरा कट्टरवाले पॅलिओत धरत नाहीत. साबुदाणा कंदापासूनच होतो, नियमात बसते, पण तो नुसता स्टार्च, कोरड्या 100 ग्रॅममध्ये 85 च्या वर कार्ब, ना फायबर ना प्रोटीन, मी तरी त्याला रोजच्या जेवणात जागा देणार नाही. बटाट्यावर पॅलिओवाल्यांचंच एकमत नाही, मी म्हणतो उकडून खा, चिप्स नको. केळी चालते, पण एक केळ म्हणजे जेवण नाही.

खरी अडचण मापाची आहे. दोन भाकरी सोडल्या म्हणजे साधारण 90 ग्रॅम कार्ब गेले, आणि त्याजागी एक रताळं खाल्लं तर परत आले तीसच, मग वावरात हातपाय गळतात. रताळ्यात 100 ग्रॅमला 20 च्या आसपास कार्ब असतात, म्हणजे कामाच्या दिवशी पाव किलो ते अर्धा किलो उकडलेलं रताळं लागलं तर घाबरू नका, बसून राहायच्या दिवशी निम्मं करा. आणि उकडलेलंच बरं, आरात (निखाऱ्यात) भाजलेल्या रताळ्यानं शुगर जास्त झटकन चढते, गोड लागते म्हणून आपण भाजतो ते वेगळं.

रताळ्याचा कंटाळा आला की कोचई (अरवी, अळूचे कंद) घ्या. बायका कोचईला नाही म्हणतात ते खाजेमुळं, तिच्यात ऑक्झलेटच्या बारीक सुया असतात त्या घशाला टोचतात. तर कच्ची सोलूच नका, कुकरमध्ये चांगली मऊ होऊ द्या, मग साल बोटानं सरकते, आणि रश्शात चिंच टाका, पॅलिओत ताक नाही म्हणून चिंचच. सुरण कच्चाच कापावा लागते, तिथं हाताला तेल लावून बसा. कांदा-लसूण-खोबऱ्याचा रस्सा केला तर पोळीची आठवण कमी येते. दिवाळीच्या सुमारास भंडारा-गोंदियाकडचे तलावातले शिंगाडे बाजारात येतात, ते उकडून सोलून खा, त्यात भरपूर पाणी असते. शिंगाड्याचं पीठ मात्र वेगळं, पाणी गेल्यावर तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त स्टार्च, त्याच्या पुऱ्या खाल्ल्या तर पोळीवरच परत आलात. कोहळ्याची (लाल भोपळ्याची) भाजी पोटभर खा, त्याची तळलेली गोड बोंडं नको.

फळं ज्या हंगामात जी येतात ती, बोरं, सीताफळ, संत्रा. संत्रा फोडी काढून खा, ज्यूस नको. मोहफुलं वाळली की बहुतेक साखरच, चवीपुरती.

आणि बाबांचं, हे मनावर घ्या. त्यांना ग्लिमेपिराईडसारखी शुगरची गोळी किंवा इन्सुलिनचं इंजेक्शन असेल आणि तुम्ही घरची भाकर अचानक बंद केली तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, हातपाय थरथरणं, घाम सुटणं, बेशुद्ध होणं, काहीही. डॉक्टरला आधी सांगून डोस ठरवा, तोवर त्यांची भाकर चालू राहू द्या. नंतरही तुमचं अर्धा किलो रताळं त्यांच्या ताटात नको, त्यांना एखादा लहानसा तुकडा भाजी-अंड्यासोबत द्या आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहा, तो आकडा डॉक्टरला दाखवूनच त्यांचं माप ठरवा.