जमिनीआधी काउंटी बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत गावाकडे जमीन घ्यायची म्हणून तू पाठवलेली काउंट्यांची (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांची) यादी वाचली. त्यात तू बघितलंस ते असं: एकराचा भाव, मालमत्ता कर, बांधकामाचे सैल नियम, दूरवर शेजार नाही. पाण्याचा मात्र कुठेच उल्लेख नाही, आणि माझ्या मते सुरुवातच तिथून व्हायला हवी.

जाहिरातीत 'बोअर आहे' एवढं वाचून थांबू नकोस. बऱ्याच राज्यांत बोअर खोदल्याची नोंद सरकारदप्तरी असते. ती काढ. पाणी किती फुटांवर लागलं, मिनिटाला किती गॅलन येतं, ते बघ. साधा हातपंप पंचवीसेक फुटांपलीकडून पाणी ओढत नाही. पाणी २०० फुटांवर असेल, तर वीज गेली की नळ कोरडा. म्हणून खोल बोअरचा हातपंप, सोलर पंप किंवा उंचावरची टाकी, यांतल्या एकाचा खर्च जमिनीच्या किमतीतच धर. पश्चिमेकडच्या राज्यांत ओढा तुझ्या जमिनीतून वाहतो म्हणून त्याचं पाणी तुझं होत नाही. ज्याचा हक्क जुना, त्याचा नंबर पहिला. कोलोरॅडोत घराच्या छपरावरचं पावसाचं पाणीसुद्धा दोन पिंपांत मिळून ११० गॅलनच साठवता येतं, आणि तेवढी मुभाही २०१६ च्या कायद्याने मिळाली.

मातीसाठी कृषी खात्याचे मोफत नकाशे आहेत, ते पुरेत. पुराच्या बाबतीत मात्र नुसत्या 'फेमा'च्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, नकाशावर विसंबू नकोस. पुष्कळ छोटे ओढे त्यात नसतातच. आणि शंभर वर्षांतून एकदाचा म्हणतात तो पूर ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते.

पश्चिम नॉर्थ कॅरोलायना समुद्रापासून दूर, डोंगरात. तिथे वादळाची भीती नाही असं कितीतरी जण मानत होते. सप्टेंबर २०२४ मध्ये 'हेलीन' चक्रीवादळ आलं. टेनेसीच्या सीमेजवळ आंतरराज्य महामार्ग ४० नदीने खाल्ला, तिथल्या ॲशव्हिल शहराला पिण्याजोगं नळाचं पाणी यायला सात आठवड्यांहून जास्त लागले, आणि काही वस्त्यांवर सामान खेचरांवर लादून न्यावं लागलं. तेव्हा तुझ्या प्रत्येक काउंटीचा नकाशा समोर घे आणि एकेक पूल पुसून बघ. बाहेर पडायला दुसरा रस्ता उरतो का? दवाखाना किती लांब पडतो?

दूर शेजार असावा ही तुझी अट मला पटत नाही. ग्रामीण भागात आग लागली तर बहुतेक ठिकाणी धावून येतं ते स्वयंसेवकांचं अग्निशमन दल, म्हणजे शेजारीच. दलात माणसं किती, तरुण किती, हे विचार. काउंटीचा कारभार बघणाऱ्या कमिशनरांच्या बैठका सर्वांना खुल्या असतात. पहिली फेरी जमीन बघायला नको, त्या बैठकीसाठी कर. मागच्या बाकावर बस आणि लोक कशावरून भांडतात ते ऐक. मग मला लिही, त्यानंतर आपण एकराच्या भावाकडे वळू.

तुझा,
काका