आरती आली, पाणी मागता येईना

कुडाळ
घटस्थापनेनंतरचा रविवार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, आणि त्याच्या आठ दिवस आधी तो व्हिडिओही मिळाला. तुझ्याकडून नाही, माझ्या वेंगुर्ल्याच्या वहिनीकडून. तिला तो तिच्या भजन मंडळाच्या ग्रुपवर आला होता. म्हणजे आचऱ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांनी पाहिलं की मेंदूच्या झटक्यानंतर चार महिने 'ता... ता...' यापलीकडे शब्द न फुटलेले काका, तुझे संगीतोपचाराचे पेशंट, गणपतीसमोर अख्खी आरती म्हणतायत आणि शेजारी तू डोळे पुसतोयस.

मला एवढंच विचारायचंय, आरती संपल्यावर त्यांनी पाणी मागितलं का?

नसणार. तूच पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी कडेला, लिहिलंयस की त्यांचा मुलगा आता चिडचिड करतो, 'आरती येते मग बोलत कसे नाहीत, मुद्दाम करतायत' म्हणतो. पत्रातली खरी बातमी ती आहे. बाकी सगळं तू आनंदाच्या भरात लिहिलंस.

मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात झटका आला की समजतं सगळं पण वाक्य जुळवता येत नाही. तरीही पाठ असलेलं बरंचसं शाबूत राहतं. आरती, रामरक्षा, एक ते दहा आकडे, आठवड्याचे वार, आणि शिव्या. (शिव्यांबद्दल घरचे सांगत नाहीत, तूच विचार.) काकांना गोव्यातल्या बांबोळीच्या हॉस्पिटलातून घरी आणलं त्याच आठवड्यात कोणी सोबत आरती धरली असती, तर बहुधा तेव्हाही त्यांनी म्हटली असती. ती सुधारणा नव्हे. ते आधीच तिथे होतं, विचारलं कोणी नव्हतं. हे मुलाला आधी समजावून सांग, नाहीतर त्या घरात काकांना रोज बोलणी खावी लागतील, आणि त्याला कारण तुझा व्हिडिओ.

आता कामाचं. बॉस्टनच्या अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी 1973 मध्ये मेलडिक इंटोनेशन थेरपी मांडली, चालीच्या आधाराने बोलणं परत आणायची पद्धत, ती तू वाचलीयस. पण तू तिच्यातलं गाणं उचललंस आणि शेवट सोडलास. तिची चाल मुद्दाम दरिद्री ठेवलेली आहे. दोनच स्वर, एक वरचा, एक खालचा, आणि अक्षरागणिक रुग्णाचा डावा हात टेबलावर टेकवायचा. आधी नुसतं गुणगुणणं, मग दोघांनी मिळून म्हणणं, मग तू मध्येच गप्प व्हायचं आणि त्यांना पुढे जाऊ द्यायचं, मग त्यांनी तुझ्यामागून एकट्याने, मग प्रश्नाला उत्तर म्हणून. सगळ्यात शेवटी अर्धं गाणं अर्धं बोलणं, आणि मग साधं बोलणं. चाल काढून घेणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

तुला जड जाईल ते इथेच, कारण तू गवई आहेस. आपल्याला गाणं वाढवत न्यायला शिकवलेलं असतं. दोन स्वरांत तुझा जीव घुसमटतो, म्हणून तू काकांच्या आवडत्या अभंगाच्या चालीवर 'मला पाणी द्या' बसवलंस. अरे, ओळखीची चाल स्वतःचे शब्द घेऊन येते. काका 'मला' म्हणतात आणि पुढे अभंग सुरू होतो, हे तूच लिहिलंयस, आणि कौतुकाने लिहिलंयस! आणि दुसरं, त्या घरात 'मला पाणी द्या' असं कोण म्हणतं? 'पाणी दी' म्हणतात. 'माका नको' म्हणतात. तेच घे. तीन-चार अक्षरांची, दिवसातून दहा वेळा लागतील अशी. वर कुठे जायचं आणि खाली कुठे यायचं ते काकींच्या तोंडून ऐक. मालवणीचा हेल तुझ्या पुण्याच्या हेलापेक्षा वेगळा आहे.

चाल महत्त्वाची की ठेका, यावर अजून वाद आहे. बेंजामिन स्टाल आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये 17 जर्मन रुग्णांवर तपासलं, तर त्यांना गाण्यापेक्षा लयीचा आणि पाठ शब्दांचा वाटा मोठा दिसला. त्यामुळे स्वर एखाद्या दिवशी हलला तर चालेल, हाताचा ठोका चुकवू नकोस. आणि हे सगळं ज्याला समोरच्याचं समजतं त्याच्यासाठी. भरभर पण निरर्थक बोलणाऱ्याला याचा उपयोग नाही. ते ठरवणं स्पीच थेरपिस्टचं काम आहे. त्या बाईंना तू अजून एकदाही फोन केलेला नाहीस, तो आज कर.

आमच्याकडे पावसाळ्याआधी वहाळावर पोफळीचे ओंडके टाकून साकव घालतात. पलीकडे जायला. त्यावर कोणी बिऱ्हाड मांडत नाही.

तुझे दुसरे पेशंट, ते एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, त्यांच्याबाबत मात्र तू बरोबर वाटेवर आहेस. पार्किन्सनमध्ये आतलं घड्याळ बिघडतं, बाहेरून ठोका मिळाला की पाऊल पडतं. उंबरठ्याशी ते खिळल्यासारखे होतात असं तू लिहिलंस. ते त्या आजारात होतंच, आणि आपल्या जुन्या घरांचे उंबरठे तर वीतभर उंच. मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये घरच्या घरी तीन आठवड्यांचा सराव देऊन दाखवलं की ठोक्यावर चालणाऱ्यांचा वेग आणि पाऊल दोन्ही सुधारलं. पण तू सुरुवातच मेट्रोनोम, ते ठोक्याचं यंत्र, मिनिटाला शंभरवर लावून केलीस, ती का? आधी ठोक्याशिवाय त्यांना चालव, एका मिनिटात पावलं मोज. ती 84 आली तर ठोका 84. पाय जुळला की पाच टक्के वाढव, म्हणजे 88. ज्यांची पावलं आपोआप आखूड आणि घाईची होत जातात, त्यांना वाढवूच नकोस. फिजिओथेरपिस्ट शेजारी हवा, पडले तर खुबा मोडेल. आणि इथेही शेवटी ठोका बंद करून मोज, अंगणातल्या खळ्यात नुसतं चालताना.

ताल म्हणशील तर केरवा किंवा भजनी ठेका. रूपक नको. सात मात्रा, दोन पाय, दर आवर्तनाला सम दुसऱ्या पायावर जाते आणि माणूस गोंधळतो. डबलबारीचं, दोन बुवांच्या भजनी सामन्याचं, रेकॉर्डिंग तर अजिबात लावू नकोस. बुवा रंगात आले की लय चढते, आणि आपले ड्रायव्हरसाहेब तिच्यामागे धावत जातील.

माझी एक फजिती सांगते, म्हणजे तुला एकट्यालाच बोलणी बसली असं वाटणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत दशावतारातले एक जुने पेटीवाले माझ्याकडे होते. झटक्यानंतर बोलणं गेलेलं. मी रोज पेटी घेऊन जायची, आणि मी वाजवायला लागले की ते माझा हात ढकलायचे. मी वहीत लिहिलं, 'अस्वस्थ, सहकार्य नाही.' चौथ्या दिवशी सून चहा ठेवताना म्हणाली, 'ताई, त्यांका तुमची पेटी बेसूर लागता.' श्रावणातली दमट हवा, पेटीचे दोन सूर खरोखरच उतरलेले. तो माणूस चार दिवस माझ्याशी स्पष्ट बोलत होता आणि मी त्याला लक्षण म्हणून नोंदवत होते. पेटी दुरुस्त होईपर्यंत मी नुसती झांज नेली. ती वही मी अजून ठेवलीय.

तू रागांचा तक्ता मागितलास, कुठल्या रोगाला कुठला राग. माझ्याकडे तसा तक्ता नाही. फिरतात ते मी पाहिलेत, एकात मधुमेहाला जो राग तोच दुसऱ्यात निद्रानाशाला. हेलसिंकीत सार्कामो आणि मंडळींनी 2008 मध्ये झटक्याच्या रुग्णांना दोन महिने रोज तासभर संगीत ऐकवलं आणि शब्दांची स्मृती व लक्ष यांत फरक पाहिला. ते संगीत रुग्णांनी स्वतः निवडलेलं होतं. काकांना जाखडी आवडत असेल तर जाखडी लाव. तुझा यमन तुला आवडतो.

आणि कणकवलीच्या त्या स्वमग्न मुलाच्या आईला तू 'सहा महिन्यांत फरक पडेल' म्हणालास ते मागे घे. 2017 मध्ये नऊ देशांतल्या 364 मुलांवरचा मोठा अभ्यास आला. पाच महिन्यांच्या संगीतोपचाराने लक्षणांच्या तीव्रतेत नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फरक दिसला नाही. म्हणून त्याच्याबरोबर वाजवू नकोस असं नाही. तो तुझ्या ढोलकीला उत्तर देतो, आईकडे बघून हसतो, हे मोलाचं आहे, आणि आईला तेवढंच सांग. पैसे घेताना तर नक्कीच तेवढंच.

व्हिडिओ काढून टाकायला लाव. तो माणूस बनियनवर आहे, तोंडाची एक बाजू उतरलेली आहे. त्याला विचारलं असतंस तर बोलता आलं नसतं हे खरं, पण मानेने 'नको' म्हणता येतं त्यांना. तूच लिहिलंयस.

आता गौरी-गणपतीचे चाकरमानी परत गेलेत, दिवसभर काकांजवळ काकी एकट्याच असतात. तू आठवड्यातून दोनदा जाणार, बाकीचे पाच दिवस त्याच आहेत. म्हणून पद्धत काकींना शिकव. त्या गात नाहीत म्हणाल्या, तर उत्तमच. दोन स्वरांना गळा लागत नाही.

वहीत रोज एकच रकाना ठेव. दहा वाक्यांपैकी किती चालीशिवाय, आपणहून, गरज पडली तेव्हा आली. पहिले दोन-तीन आठवडे शून्य लिहावं लागेल, ते लिही. दिवाळीनंतर येशील तेव्हा ती वही घेऊन ये. आणि येताना एसटीतून पखवाज आणू नकोस, इथला आहे, फक्त त्याची पुडी या पावसात ढिली झालीय. कोणी चांगला ओढून देणारा माहीत असला तर कळव.

बाई