वादळात पडलेलं आगर जेसीबीने साफ करून एकदम नवी लागवड करावी का?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या आगरातल्या, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेतल्या, निम्म्या पोफळी (सुपारीची झाडं) आणि काही माड वादळात गेले, मग उरलंसुरलं जेसीबीने साफ करून एकदम नवं लावावं का, आणि उत्पन्न कधी सुरू होईल. जेसीबी अजिबात घालू नका.

आमचं आगर श्रीवर्धन तालुक्यात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आलं. एक पोफळ मोडली की शेजारच्या चार घेऊनच खाली येते, त्यामुळे दुपारनंतर घराच्या मागच्या दारातून थेट समुद्र दिसायला लागला. लग्न होऊन आले तेव्हापासून तिथून कधी समुद्र दिसला नव्हता. थोरले भावोजी वाट मोकळी झाल्यावर मुंबईहून आले आणि ओटीवर बसल्या बसल्या म्हणाले, "आता सपाट करून टाकू, दोन खोल्या बांधू, पर्यटक येतात." घरातले सगळे गप्प. मी म्हटलं, उभं आहे त्याला कोणी हात लावायचा नाही.

कारण वादळात नुसती झाडं जात नाहीत, सावली जाते. वर माड, खाली पोफळी, त्यांच्या सावलीत जायफळ, केळी, पोफळीवर चढवलेली मिरी, असा तो संसार असतो. वरचं छप्पर उडालं की खालचं करपतं. आमच्या जायफळांची पानं पावसाळा संपताच कडेने तपकिरी व्हायला लागली. वाचलेल्या पोफळींच्या खोडांवर नैऋत्येच्या अंगाला, म्हणजे दुपारचं ऊन लागतं तिथे, आधी सोनेरी डाग पडले, मग ते काळपट होऊन साल तडकायला लागली. अशी पोफळ आज उभी दिसते, पण पुढच्या एखाद्या वाऱ्यात त्याच जागी मोडते. आम्ही पडलेल्या झावळ्या आणि विऱ्या (पोफळीच्या पानांचे रुंद देठ) त्या बाजूने खोडांना बांधल्या. भावोजी हसले होते. त्या पोफळी आजही रोठा, म्हणजे आमच्याकडची सुपारी, देताहेत.

तेव्हा पहिल्यांदा केळी लावा, दाट लावा. पोफळीचं रोप केळीच्या आडोशाला नऊ-नऊ फुटांवर घाला, उघड्या उन्हात ते जगत नाही. कललेला माड मुळं धरून असेल तर तोडू नका, शेंडा आपोआप वर वळतो. मोडलेली खोडं मात्र आगरात कुजू देऊ नका, त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग उभे माड पोखरतो. एवढ्यापुरतं भावोजींचं साफसफाईचं म्हणणं बरोबर होतं, पण त्याला कटर आणि चार गडी पुरतात. जेसीबीच्या चाकांखाली पोफळीची वरवरची मुळं तुटतात आणि जमीन दबते, ते कोण भरून देणार?

भरपाईवर हिशेब मांडू नका. तेव्हा हेक्टरी 50,000 रुपये जाहीर झाले होते, म्हणजे गुंठ्याला साधारण 500. एका गुंठ्यात तेरा-चौदा पोफळी बसतात. आमच्याकडे आगरं गुंठ्यांतच असतात, भावाभावांत वाटण्या झालेली. भावोजींनी हाच आकडा पुढे करून विचारलं होतं, "यात काय उभं राहणार?" त्या पैशात काहीच नाही, खरं आहे. पण पोफळ पाच-सात वर्षांत धरते आणि तोवर केळी घरखर्चाला हातभार लावतात. खोल्या बांधल्या असत्या तर पुन्हा आगर करायला जमीनच उरली नसती. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आणि सुपारी सोलायला सगळे जमतात तेव्हा अजूनही सांगते.

रोपं बाहेरून वाट्टेल ती आणू नका. तुमच्याच आगरात वाचलेल्या जुन्या, भरघोस धरणाऱ्या पोफळीची पिकलेली फळं रुजत घाला. जायफळाचं कलमच घ्या, रोपातून नर झाड निघालं तर त्याला फळ धरत नाही आणि वर्षं फुकट जातात.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं आमच्या किनाऱ्याच्या वाळूमिश्रित जमिनीचं आणि विहिरीला बारमाही पाणी आहे म्हणून. तुमचं आगर वर कातळावर असेल, किंवा तुम्ही पुण्यात राहणार आणि उन्हाळ्यात शिंपणं करायला गावी माणूस नसेल, तर आधी तो माणूस शोधा, रोपं नंतर.