वाचकांचे प्रश्न : सीमाभागातील प्रेक्षक आणि डिजिटल सिनेमा

चित्रपट पाहण्याच्या बदललेल्या पद्धतींविषयी आम्ही मागील अंकात प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी चार येथे घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

निपाणी येथील एक निवृत्त शिक्षक लिहितात : पूर्वी कोल्हापुरात लागलेला मराठी चित्रपट आमच्याकडे यायला कित्येक आठवडे लागत. चित्रपटाच्या रिळांची ‘पेटी मिळाली नाही’ हे ठरलेले उत्तर असे. आता पेट्या राहिल्या नाहीत, तरी मराठी चित्रपटाला एकच खेळ मिळतो, तोही दुपारी, आणि सोमवारनंतर तोही दिसत नाही. मग या तंत्रज्ञानाने आम्हाला काय दिले?

पेटीची अडचण खरी होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदात २४ चौकटी सरकतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. अडीच तासांच्या चित्रपटाची एक प्रत साडेतेरा हजार फुटांची, सुमारे चार किलोमीटर लांबीची होई. अशी प्रत्येक प्रत रसायनशाळेत स्वतंत्रपणे छापून घ्यावी लागत असल्यामुळे बेताच्या भांडवलाचा मराठी निर्माता मोजक्याच प्रती काढत असे. त्या आधी मोठ्या शहरांत चालत आणि तेथील गर्दी ओसरल्यावर, पडद्यावर उभ्या रेघा उमटवणारी तीच झिजलेली प्रत एस.टी.ने किंवा रेल्वेने आपल्या गावाकडे निघे.

आज चित्रपटगृहात पोहोचते ती कूटबद्ध केलेली संगणकीय प्रत. ती हार्ड डिस्कवरून किंवा उपग्रहामार्फत येते आणि तिला उघडणारी डिजिटल चावी वेगळी पाठवली जाते. ही चावी ठरावीक चित्रपटगृहातील ठरावीक यंत्रापुरती आणि ठरावीक तारखांपुरतीच चालते. त्यामुळे मुंबईत शुक्रवारी सकाळी लागणारा चित्रपट त्याच सकाळी निपाणीत लावण्यात तांत्रिक अडथळा काहीही उरलेला नाही. निर्मात्याला डिजिटल सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांना दर पडद्यासाठी शुल्क द्यावे लागते आणि ते छोट्या निर्मात्याला जाचते, हे मात्र खरे. दक्षिणेतील निर्मात्यांनी २०१८ च्या मार्च महिन्यात याच शुल्काच्या निषेधार्थ नवे चित्रपट प्रदर्शित करणे थांबवले होते.

तरीही आपल्या तक्रारीचे मूळ मला अन्यत्र दिसते. आलेली पेटी निदान आठवडाभर चालवावी लागे, कारण दुसरी लगेच हाताशी नसे. पहिले तीन दिवस रिकामे गेले तरी चौथ्या दिवशी कोणाकडून तरी ऐकून लोक येत आणि चित्रपट सावरे. आता चित्रपटगृहाच्या चालकाच्या संगणकात एकाच वेळी अनेक चित्रपट तयार असतात आणि तिकीटविक्रीचे आकडे तासातासाला समोर येतात. शनिवारच्या खेळाला पंधरा माणसे दिसली, तर रविवारी त्या वेळेला दुसरा चित्रपट लावायला काही क्षण पुरतात. ज्या सोयीने मराठी चित्रपट आपल्या दारापर्यंत पहिल्या दिवशी आला, तीच सोय त्याला तिसऱ्या दिवशी परत पाठवते. एकमेकांना सांगून, विचारून, मग सवडीने चित्रपटाला जाणाऱ्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला हा वेग मानवणारा नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते.

महाराष्ट्रात २०१५ मध्ये बहुपडदा चित्रपटगृहांना दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी चित्रपट दाखवण्याचे बंधन सरकारने घातले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आपण ज्या बाजूला आलो, तेथे ते लागू होत नाही. म्हणून आपल्याकडे मराठी चित्रपटाचा खेळ टिकतो तो केवळ तिकीटविक्रीवर. गावातील वाचनालय, महिला मंडळ किंवा शाळेचा माजी विद्यार्थी संघ यांनी पहिल्या शनिवार-रविवारचा एक पूर्ण खेळ आधी ठरवून घेतला, तर बहुतेक चालक तो आनंदाने देतात. चित्रपट लागण्यापूर्वीच्या बुधवारपर्यंत त्यांच्याशी बोलावे, कारण आठवड्याचे वेळापत्रक त्या सुमारास ठरते.

चिकोडी येथील एक महाविद्यालयीन विद्यार्थी विचारतो : नवा चित्रपट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर फिरू लागतो. तो पाहिल्याने नेमके कोणाचे नुकसान होते?

आधी निर्मात्याचे आणि लगोलग त्या चित्रपटगृहाचे, जेथे तो चोरून चित्रित झाला. डिजिटल प्रतीच्या चित्रात आणि ध्वनीत प्रेक्षकाला न जाणवणारी एक खूण मिसळलेली असते. चोरीची प्रत हाती लागली की ती कोणत्या पडद्यावर, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी चित्रित झाली हे तिच्यावरून शोधता येते. मग वितरक त्या पडद्याला नवे चित्रपट देताना हात आखडता घेतात. २०२३ मध्ये सुधारलेल्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार या चोरीला किमान तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड आहे. हा दंड निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. तालुक्याच्या गावी एकच पडदा उरला असेल, तर अशा एका प्रकाराने साऱ्या गावाचा सिनेमा बंद पडू शकतो.

खानापूरहून एक गृहिणी लिहितात : माझी सून धारवाडची, कन्नड माध्यमात शिकलेली. घरी ओटीटीवर आम्ही सगळे एकत्र पाहतो, पण बेळगावला मराठी चित्रपटाला गेलो की तिला अर्धेच कळते. मराठी चित्रपटाला कन्नड अक्षरे का देत नाहीत?

हे पत्र वाचून फार आनंद झाला, कारण सीमाभागातील कितीतरी घरांचा हा प्रश्न आहे. फिल्मच्या काळात ही अक्षरे, म्हणजे उपशीर्षके, प्रत्येक प्रतीवर रसायनाने किंवा लेसरने कोरावी लागत. म्हणजे कन्नड अक्षरांची प्रत वेगळी आणि खर्चही वेगळा. दोन पडद्यांसाठी तो खर्च कोणताही निर्माता करत नसे. डिजिटल प्रतीत चित्र, ध्वनी आणि उपशीर्षके या स्वतंत्र फाइली असतात. मूळ चित्रपट सर्वत्र एकच पाठवून बेळगाव, कारवार, भालकी येथील पडद्यांसाठी कन्नड उपशीर्षकांची छोटी पुरवणी फाइल जोडता येते. ती तयार करण्याचा खर्च चित्रपटाच्या एकूण खर्चात नगण्य आहे. एक मर्यादा राहते : घरी आपण अक्षरे हवी तेव्हा लावतो किंवा काढतो, चित्रपटगृहात मात्र ती लावली की त्या खेळाला साऱ्यांनाच दिसतात. म्हणून ‘कन्नड उपशीर्षकांसह’ असा खेळ जाहिरातीत तसा नमूद करून वेगळा ठेवावा लागेल.

कर्नाटकात दुसऱ्या भाषेतील चित्रपट कन्नडमध्ये डब करण्याला १९६० च्या दशकापासून चित्रपटसृष्टीतूनच विरोध होता आणि ती अलिखित बंदी अनेक दशके पाळली गेली. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अशा प्रकारे डबिंग रोखणे स्पर्धेला बाधक ठरवले आणि त्यानंतर वाट हळूहळू मोकळी झाली. उपशीर्षकांना असा विरोध कधी नव्हता. त्यांचा विचार करायला कोणी बसले नाही, एवढेच. माझ्या मते तर सीमाभागासाठी उपशीर्षके डबिंगपेक्षा कितीतरी बरी. आपल्या सुनेला मूळ नटाचा आवाज, मालवणी किंवा कोल्हापुरी बोलीचा ठसका ऐकू येईल आणि अर्थही कळेल.

यात सर्वांत अवघड काम भाषांतराचे आहे. इंग्रजी उपशीर्षकांवरून पुन्हा कन्नड केले की विनोद मरतो, नात्यांतले आदर आणि सलगी पुसली जातात. मराठीतून थेट कन्नडमध्ये, वाचायला मिळणाऱ्या दोन-तीन सेकंदांत बसेल इतक्या नेमक्या ओळीत, अर्थ उतरवणारी माणसे बेळगाव-खानापूर-हल्याळ पट्ट्यात जितकी सापडतील तितकी मुंबईत किंवा बेंगळुरूत सापडणार नाहीत. दोन्ही भाषा घरात वापरणाऱ्या तरुणांनी हे काम शिकावे. त्यासाठी लागणारी साधी सॉफ्टवेअरे विनामूल्य मिळतात. सुरुवात एखाद्या लघुपटापासून करावी आणि त्याच्या निर्मात्याला नमुना दाखवावा. निर्मात्यांपुढे तयार काम ठेवले तर ते नाकारण्याचे कारण त्यांना सापडणे कठीण जाईल.

बेळगाव येथील एक वाचक लिहितात : माझे वडील अनेक वर्षे टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. डिजिटल यंत्र आल्यावर त्यांचे काम सुटले. बंद पडलेल्या टॉकीजच्या अडगळीत काही जुनी रिळे आहेत. मालक ती भंगारात देणार आहेत. ती वाचवावीत का आणि कशी?

वाचवावीत, आणि मालकांना आजच थांबवावे. डिजिटल प्रत सोयीची असली तरी टिकाऊ नाही. हार्ड डिस्क काही वर्षांत निकामी होते, फाइलींचे स्वरूप बदलते, त्यामुळे मजकूर वारंवार नव्या साधनावर उतरवत राहावे लागते. थंड व कोरड्या जागी नीट ठेवलेली फिल्म मात्र शंभर वर्षेही टिकू शकते. जुन्या मराठी चित्रपटांपैकी कित्येकांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. म्हणून अडगळीतले एखादे रीळही मोलाचे असू शकते.

प्रथम फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले आहे का ते पाहावे. १९५० च्या सुमारापर्यंत वापरली जाणारी नायट्रेट फिल्म अतिशय ज्वलनशील असते. २००३ च्या जानेवारीत पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या अशाच फिल्मच्या साठ्याला आग लागून अनेक दुर्मिळ चित्रपट नष्ट झाले. तशी शंका आली तर रिळे घरी आणू नयेत, स्वतः वाहून नेऊ नयेत. सेफ्टी फिल्मला व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल, तर तिची झीज सुरू झाली आहे असे समजून ती इतर रिळांपासून वेगळी ठेवावी. डबे आडवे ठेवावेत, पत्र्याखालच्या उष्ण माळ्यावर किंवा ओलसर भिंतीजवळ ठेवू नयेत, आणि घरगुती यंत्रावर चालवून पाहू नयेत, कारण आकसलेली फिल्म दातेऱ्यांत फाटते.

आपल्या वडिलांची येथे खरी गरज आहे. डब्यावरचे नाव आणि आतले रीळ पुष्कळदा जुळत नाहीत. रीळ न चालवता, दोन बोटांत धरून उजेडात पाहून ते कितवे आहे, कोठे जोड दिला आहे, सुरुवातीचे किती फूट गेले आहे हे ओळखणारी नजर ऑपरेटरचीच असते. त्यांच्या मदतीने प्रत्येक डब्याची यादी करावी : चित्रपटाचे नाव, भाषा, रिळाचा क्रमांक, अंदाजे लांबी, अवस्था. मालकांची लेखी संमती घ्यावी. यादी, संमतीपत्र आणि छायाचित्रे पुण्यातील संग्रहालयाकडे पाठवावीत. ही संस्था १९६४ पासून हेच काम करते आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या अखत्यारीत आहे. त्यांचे उत्तर येईपर्यंत एकही डबा हलवू नये.