पाँपेईच्या भिंतींवरची माणसे

प्रश्न : पाँपेई या प्राचीन रोमन नगरीतील भित्तिचित्रांची जी छायाचित्रे पाहण्यात येतात, त्यांत बहुधा देवदेवता आणि पुराणकथाच असतात. तेथील सर्वसामान्य रहिवासी चित्रांत दिसतात का? तसेच, ही चित्रे अजिंठ्याच्याच पद्धतीने काढलेली आहेत का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दिसतात, आणि माझ्या मते देवदेवतांपेक्षा तेच अधिक बोलके आहेत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या या शहरात बेकरीला लागून असलेल्या एका घरात सापडलेले पती-पत्नीचे चित्र आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पतीच्या हाती ग्रंथाची गुंडाळी आहे. पत्नीने एका हातात मेणपाटी धरली असून दुसऱ्या हातातील लेखणी हनुवटीला टेकवली आहे. आम्ही लिहिणारे-वाचणारे आहोत, हे पाहुण्यांना दिसावे अशीच ही मांडणी आहे.

दुसऱ्या एका घरात इ. स. ५९ मधील दंगल रंगवलेली आहे. अँफिथिएटरमध्ये, म्हणजे खेळांच्या खुल्या प्रेक्षागृहात, पाँपेईकर आणि शेजारच्या नुसेरियाचे प्रेक्षक एकमेकांवर तुटून पडले आणि सिनेटने तेथील खेळांवर दहा वर्षांची बंदी घातली. ज्या प्रसंगाने गावाची नाचक्की झाली, तोच कोणीतरी हौसेने भिंतीवर काढून घेतला! वेट्टी यांच्या आलिशान घरात मात्र अत्तर गाळणे, दागिने घडवणे, कापड धुणे ही कष्टाची कामे पंख असलेल्या बाळदेवतांकडे सोपवलेली आहेत. घराचे मालक स्वतः गुलामगिरीतून मुक्त झालेले असावेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात, हे येथे लक्षात ठेवावे.

पद्धत मात्र वेगळी आहे. अजिंठ्यात माती, भुसा व वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग लावले आहेत. पाँपेईत मुख्यतः ओल्या चुन्यावरच रंग दिला जाई. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होताना रंगाचे कण त्यातच पक्के बसत. त्यामुळे गिलावा सुकण्यापूर्वी रंगवून होईल तेवढाच भाग लिंपावा लागे. रंगकाम चालू असतानाच सोडून द्याव्या लागलेल्या एका घरात अपुऱ्या भिंतीबरोबर रंगांची भांडीही सापडली आहेत. प्रसिद्ध ‘पाँपेईचा लाल’ सर्वत्र मूळचा नाही; काही भिंतींवरची पिवळी गेरू उद्रेकाच्या उष्णतेने लाल झालेली आहे.